जात्यावरील ओवी : एक अलिखित पोथी

(१)

बीड जिल्ह्याचें नांव जुन्या पोथ्यांच्या शोधकांस परकें नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं इ. स. १९०९ मध्यें ज्ञानेश्वरीची जी प्रत छापून प्रसिद्ध केली, तिची मूळ पोथी त्यांस बीड येथील पाटांगणावर मिळाली, हें आमच्या वाचकांस विदितच आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यापूर्वींचा पाठ या पोथींत आहे असें राजवाड्यांचें मत होतें, व त्याच पाठाच्या आधारें त्यांनीं ज्ञानेश्वरींतील भाषेचें व्याकरण रचिलें. ती मूळ पोथी मात्र पुढें अभ्यासकांच्या हातीं राहिली नाहीं. आज तिच्याविषयीं जो वाद होतो तो छापील प्रतीवरच होतो. एखादा अनुस्वार वा एखादें रूप पोथींत खरोखर होतें कीं संपादकाच्या लेखणींतून आलें, हें पडताळून पाहण्याचें साधन उरलें नाहीं. मूळ गेलें आणि नक्कल राहिली म्हणजे काय हानि होते, याचें याहून ठळक उदाहरण आमच्या जिल्ह्यास ठाऊक नाहीं.

याच जिल्ह्यांत अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय लिहिलेला पाहून पाहणारा थक्क होतो. त्याच दासोपंतांनीं विपुल पदरचना केली, व पदांवर रागांचीं नांवें घातलीं. अक्षर राहिलें, रागाचें नांवहि राहिलें. परंतु दासोपंत तें पद कसें गात असत, कोठें थांबत असत, कोणता शब्द घोळवीत असत, हें कोणत्याहि कापडावर उतरलें नाहीं.

या दोन गोष्टी आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रांत ज्या एका मोठ्या संग्रहाचें काम झालें, व ज्यांत आमच्या माजलगांवचाहि वांटा आहे, त्याकडे पोथ्या जमविणाऱ्या मंडळींचें लक्ष्य जावें तितकें गेलेलें नाहीं. हा संग्रह जात्यावरील ओव्यांचा आहे, व त्याचा कांहीं भाग कागदावर नसून ध्वनींत आहे. जात्यावरील ओवी ही पोथीच होय. तिची मूळ प्रत गळ्यांत असते. म्हणून तिचें ध्वनिमुद्रण हें अस्सल साधन व तिचें लेखन ही नक्कल, एवढेंच प्रस्तुत लेखांत प्रतिपादन करावयाचें आहे.

(२)

ओवीचें प्राचीनत्व सांगण्यास विस्तार नको. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (शके १०५१, इ. स. ११२९) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडणाच्या वेळीं ओवी गातात असा उल्लेख आहे. उल्लेख कांडणाचा आहे, दळणाचा नव्हे. तथापि स्त्री, हातांतील काम आणि ओवी या तिहींचा संबंध त्या काळींच रूढ होता, हें त्यावरून ठरतें. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत ओवीस प्रबंधांमध्यें स्थान दिलें, आणि तीन खंड, प्रास, देशभाषा व अंतीं येणारें 'ओवी' हें पद अशीं तिचीं लक्षणें सांगितलीं. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, या दोन्ही ग्रंथकारांनीं ओवीचा विचार गीताच्या प्रकरणांत केला आहे. त्यांस ओवी ही प्रथम गाण्याची वस्तु वाटली. ती वाचण्याची वस्तु पुढें आम्हीं केली.

आम्ही संस्कृताच्या वळणांत वाढलों. वेदाचें अक्षर बरोबर असून स्वर चुकला तर मंत्र दुष्ट होतो, असें आम्हांस शिकविलें गेलें. पाणिनीय शिक्षेंत जे अधम पाठक गणले आहेत त्यांत लिहिलेलें पाहून म्हणणाराहि आहे. पद, क्रम, जटा, घन इत्यादि पाठांची योजना पूर्वजांनीं केली ती अक्षर व स्वर हे दोन्ही मुखानेंच राखावे म्हणून. वेदाविषयीं ज्यांचा एवढा कटाक्ष, त्यांनींच ओवी लिहून घेतांना तिचा स्वर टाकाऊ समजावा, आणि शब्द वहींत उतरले म्हणजे ओवी हातीं आली असें मानावें, हा न्याय कोणता, याचा विचार आम्हीं पुष्कळ वर्षें केला नाहीं.

(३)

ओव्या छापून प्रसिद्ध करण्याचें काम मराठींत लहान नाहीं. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' या संग्रहाचे भाग, कमलाबाई देशपांडे यांचें 'अपौरुषेय वाङ्मय' (इ. स. १९४८), व पुढें लोकसाहित्य समितीच्या द्वारें सरोजिनी बाबर यांनीं केलेलें प्रचंड संपादन यांचे उपकार कोणीहि विसरणार नाहीं. हीं पुस्तकें नसतीं तर आज आम्हांस बोलावयास आधार उरला नसता. कमलाबाईंच्या ग्रंथनामांतील श्लेष तर फारच मार्मिक आहे. हें वाङ्मय पुरुषांनीं केलेलें नाहीं, असें त्या नांवानें सुचविलें. परंतु मीमांसकांच्या परिभाषेंत अपौरुषेय म्हणजे ज्यास कर्ताच नाहीं तें. आणि आम्हां लहान संग्राहकांनीं हा दुसरा अर्थच कळत नकळत खरा करून ठेविला. गांवोगांवीं ज्या वह्या भरल्या गेल्या, त्यांत ओवी आहे. परंतु ती कोणी म्हटली, कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, हें बहुधा नाहीं. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, शक, तिथि व स्थळ नसेल तर आम्ही हळहळतों. आमच्याच हातच्या वहींत मात्र आम्हीं पुष्पिका कधीं लिहिली नाहीं.

नांवाबरोबर आणखी काय गेलें तें पाहावें. छापील ओवी दोन ओळींची असते. वाचावयास कांहीं क्षण पुरतात. तीच ओवी जात्यावर गातांना ओळीचा उत्तरार्ध पुन्हां येतो; 'बाई', 'गं' असे शब्द मध्यें शिरतात; गाणारी दुसरी ओळ अर्धी सोडून पहिलीकडे परत वळते; समोर खुंट्यास हात लावून बसलेली दुसरी बाई तिच्या तोंडचा शब्द उचलून पुढें नेते. मूठभर दाणे जात्यांत टाकावयाचे असले म्हणजे स्वर क्षणभर लांबतो. हें सर्व संपादक पुनरुक्ति व पादपूरण म्हणून गाळतो. वास्तविक तीच त्या गाण्याची बांधणी होय. शिवाय एका ओवीमागून कोणती ओवी आली हा क्रमहि जातो; कारण संपादक विषयवार मांडणी करितो, आणि बाई मात्र सीतेच्या वनवासावरून आपल्या लेकीच्या सासरावर एका फेऱ्यांत येते. त्या उडीमध्येंच तिचें मनोगत असतें.

(४)

हा दोष दुसऱ्याच्या पदरीं घालण्यापूर्वीं आमचा स्वतःचा सांगणें योग्य होय.

इ. स. १९८३ चे सुमारास आम्ही माजलगांव तालुक्यांतील एका गांवीं शिक्षक होतों. पिठाची गिरणी तेव्हां गांवांत आलेली होती; तरी कांहीं घरीं जातें अद्याप फिरत होतें. आमच्या बिऱ्हाडाशेजारीं एक वृद्ध बाई राहत. त्यांस आम्ही आत्या म्हणत असूं. त्यांच्या ओव्या लिहून घ्याव्या म्हणून आम्ही वही घेऊन बसलों. आत्या ओट्यावर बसून सांगूं लागल्या, आणि तिसऱ्या ओवीनंतर अडखळल्या. "गुरुजी, हात रिकामा आसला की आठवत न्हाई," असें म्हणून त्या उठल्या व जात्यापाशीं जाऊन बसल्या. जात्यांत दाणा नव्हता. खुंटा हातीं धरून त्यांनीं रिकामें जातें फिरविलें, आणि मग दीड तास ओवी खंडली नाहीं. स्मरण डोक्यांत नसून हातांत असतें, हें आम्हांस तेव्हां दिसलें. कळलें मात्र पुष्कळ उशिरां.

लेखणी मागें पडूं लागली म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही शाळेंतील टेपरेकॉर्डर आणिला व एक कॅसेट भरून घेतली. तीवरून रात्रीं कंदिलाजवळ बसून ओव्या वहींत उतरविल्या. उतरवितांना आम्हीं 'इठ्ठल' याचें 'विठ्ठल' केलें, प्रास ढिला वाटला तेथें शब्द बदलला, 'बाई' व 'गं' गाळले, आणि भावजयींच्या भांडणाच्या, नवऱ्याच्या माराच्या व कर्जाच्या ज्या ओव्या होत्या त्या ग्राम्य म्हणून सोडून दिल्या. राम, सीता, पंढरी व भाऊबीज एवढें ठेविलें. पुढें ती शुद्ध केलेली वही आत्यांस वाचून दाखविली. त्यांनीं शांतपणें ऐकिलें, व म्हणाल्या, "चांगलं लिवलंय गुरुजी, पण हे माझं गाणं न्हाई." आम्हांस तेव्हां हसूं आलें. त्या निरक्षर आहेत, म्हणून त्यांस आपलें गाणें ओळखूं येत नाहीं, असा आमचा समज झाला.

कॅसेट महाग होती. काम झालें असें समजून त्याच कॅसेटवर आम्हीं त्या वर्षींच्या स्नेहसंमेलनाचीं गाणीं भरलीं. आत्या निवर्तल्या त्यास आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. वही आमच्याजवळ आहे. राजवाड्यांच्या पोथीसंबंधीं जी तक्रार विद्वान करितात, ती आमच्या वहीसंबंधीं करण्याचा अधिकार कोणासहि आहे; भेद एवढाच कीं, येथें मूळ पोथी कोणी हरवली याविषयीं वाद नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आम्ही वही घेऊन गांवांत पांच सहा घरीं गेलों. गांवाबाहेरच्या वस्तींत गेलों नाहीं. कोणीं मना केलें नव्हतें. तेथें जुनें कांहीं मिळेल असें आमच्या मनांतच आलें नाहीं.

(५)

जें आम्हीं केलें नाहीं, तें इतरांनीं केलें. फ्रान्समध्यें जन्मलेले व भारतांत स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनीं मुळशीकडील डोंगरी भागांत गरीब स्त्रियांबरोबर काम करितां करितां इ. स. १९८० नंतरच्या दशकांत जात्यावरील ओव्या लिहून घेण्यास आरंभ केला. गांवोगांवच्या कार्यकर्त्या स्त्रिया व पुरुष यांच्या हातून तो संग्रह वाढत गेला. आज त्यांत एक लक्षाहून अधिक ओव्या आहेत. गांवांची संख्या एक हजाराहून व गाणाऱ्या स्त्रियांची तीन हजारांहून अधिक आहे. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल हे संगीत व संगणक या दोन्ही विद्या जाणणारे फ्रेंच संशोधक त्यांस मिळाले, व निवडक गायिकांचें ध्वनिमुद्रण सुरू झालें. पॉइटवाँ इ. स. २००४ मध्यें व हेमा राईरकर इ. स. २०१० मध्यें निवर्तल्या. पुढें पी. साईनाथ यांनीं स्थापिलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें इ. स. २०१७ पासून हा संग्रह ध्वनि, पाठ व भाषांतर यांसह सर्वांस खुला केला.

या संग्रहाची पद्धति पोथीशोधकानें मुद्दाम पाहावी. प्रत्येक ओवीस स्वतंत्र अनुक्रमांक आहे. गाणारीचें नांव आहे. गांव व तालुका आहे. विषयवार वर्गीकरण वेगळें ठेविलें आहे, म्हणजे तें मूळ पाठांत मिसळत नाहीं. जी पुष्पिका आम्हीं लिहिली नाहीं ती येथें एक लक्ष ठिकाणीं लिहिलेली आहे. ध्वनि मात्र सर्व ओव्यांचा नाहीं. बहुसंख्य ओव्या केवळ लिखित आहेत, ही उणीव वाचकानें ध्यानीं ठेवावी.

इ. स. १९९६ मध्यें हें यंत्र माजलगांवीं आलें, आणि भीमनगर या वस्तींतील स्त्रियांच्या ओव्या मुद्रित झाल्या. त्या ओव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई व बुद्ध यांच्याविषयीं आहेत. चाल जात्याची, बांधणी ओवीची, 'बाई' व 'गं' तेच. विषय मात्र असा कीं, तो कोणत्याहि जुन्या संग्रहाच्या अनुक्रमणिकेंत बसत नाहीं. प्रथम ऐकिलें तेव्हां आमच्या मनांत शंका आली ती अशी कीं, हें तर अगदीं अर्वाचीन. यांत पुराणवस्तु ती काय?

विचारांतीं या शंकेचें उत्तर आमच्याच शास्त्रांत सांपडलें. पोथीचा काळ आपण अंतःप्रमाणावरून ठरवितों. धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास झालें, व बाबासाहेबांचें महापरिनिर्वाण त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं. म्हणून ज्या ओवींत बुद्धाचें नांव भीमरावांच्या नांवाशेजारीं येतें, ती सामान्यतः त्या वर्षानंतरची धरावी लागेल. म्हणजे मानसोल्लासाच्या काळीं जो प्रकार रूढ होता, तो आठशें वर्षांनंतर माजलगांवीं नुसता टिकून नव्हता, तर नव्या ओव्या निर्माण करीत होता, आणि त्या निर्मितीच्या काळाची पूर्वमर्यादा आपणांस दिवसानिशीं सांगतां येते. इतका निश्चित पुरावा आमच्या वहींतील सीतेच्या एकाहि ओवीविषयीं देतां येत नाहीं. आम्हीं जुनें वेंचावें म्हणून नवें टाकिलें, व त्यामुळें परंपरा जिवंत असल्याचा पुरावाच टाकिला. गांवाबाहेरच्या वस्तींत न जाण्याची ही किंमत होय.

(६)

असल्या कामांत चूक होते ती केवळ आमच्यासारख्या एकट्या माणसाची नव्हे. आयर्लंड देशांत तेथील जुनी भाषा मागें पडत चालली, म्हणून इ. स. १९३५ मध्यें लोकविद्येचें एक मंडळ स्थापन झालें. त्याचे संग्राहक मेणाच्या नळ्यांवर ध्वनि घेणारें यंत्र बरोबर नेत, खेड्यांतील म्हाताऱ्यांच्या कथा व गाणीं भरून घेत, आणि घरीं येऊन अक्षरशः लिहून काढीत. नळ्या महाग होत्या व पैसा थोडा. म्हणून लेखन पुरें झालें कीं मेण तासून तीच नळी पुन्हां वापरीत. लिखित संग्रह जगांत नामांकित झाला. आवाज मात्र पुष्कळसा तासला गेला. आज त्या भाषेचीं गाणीं नव्या श्रोत्यांसाठीं पुन्हां मुद्रित करणाऱ्या गायकांस शब्द मिळतात, चालीहि कांहीं ठिकाणीं स्वरलेखनानें राखलेल्या मिळतात; परंतु त्या म्हाताऱ्यांचा उच्चार व ठेहराव बहुतेक ठिकाणीं मिळत नाहीं. हें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या कॅसेटची आठवण झाली. त्या संग्राहकांनीं निदान अक्षर तरी बदललें नव्हतें.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, यंत्रापुढें गायिलेली ओवी ही खरी ओवी नव्हे. पहांटेचा अंधार, एकटेपण व दळणाचे श्रम नाहींत, तेथें ओवीचें नाटक होतें. यांत तथ्य आहे, आणि रिकामें जातें फिरविणाऱ्या आत्यांस पाहिल्यावर तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कोणतीहि नक्कल मूळ नसतेच. प्रश्न एवढाच कीं, मुळाच्या अधिक जवळ कोणती. पुण्यामुंबईस कानाला यंत्र लावून ऐकणारास जात्याचें ओझें कळणार नाहीं. तरी श्वास कोठें तुटला हें कळेल, आणि तें छापील पानावर मुळींच कळत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, पोथी तीनशें वर्षें टिकते, फीत पन्नास वर्षांतहि बिघडते. हाहि खरा आहे. पण पोथ्या तरी टिकल्या त्या नकलांनीं. भूर्जपत्र व ताडपत्र नाश पावलीं, ग्रंथ राहिले, कारण प्रत्येक पिढीनें नव्या नकला केल्या. ध्वनीसहि तोच नियम. क्षेत्रांतील ध्वनिमुद्रणें शास्त्रीय रीतीनें राखणारी संस्था आपल्या देशांत इ. स. १९८२ पासून आहे व ती आज गुरुग्राम येथें आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील संशोधन मंडळांनीं पोथ्यांच्या कपाटाशेजारीं ध्वनीसाठीं एक खण केला तर कांहीं मोठें द्रव्य लागणार नाहीं.

(७)

संग्राहकांस सूचना करण्याचा अधिकार आमचा नाहीं. पश्चात्तापाचा जो अधिकार असतो तेवढ्यावरून चार गोष्टी लिहितों. बाईस तिच्या हातचें काम करूं द्यावें. जातें घरीं असेल तर जात्यापाशीं, नसेल तर पाटा, सूप वा निवडण, जें असेल तें तिच्या हातीं असावें. आरंभीं तिचें नांव, माहेर, सासर, गांव व दिवस तिच्याच तोंडून मुद्रित करावा, व हें गाणें दुसऱ्यांस ऐकवावें कीं नाहीं हें तिला विचारून तें उत्तरहि मुद्रित करावें. कारण पुष्कळ ओव्यांत तिच्या घरचें दुःख असतें. लिहितांना एक अक्षरहि सुधारूं नये. आणि लेखन संपलें तरी मूळ ध्वनि पुसूं नये.

वेळ थोडा आहे. जात्यावर दळतां दळतां ज्यांनीं ओव्या शिकल्या अशा स्त्रिया आतां बहुतेक सत्तरीच्या पुढें आहेत. माजलगांव, धारूर, वडवणी या भागांतील कितीएक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. म्हणून ज्यास हें काम करावयाचें असेल त्यानें पावसाळ्याचे दिवस धरावे. आणि वस्तीची निवड करूं नये. सर्व वस्त्यांत जावें.

आमची वही आम्ही मंडळाच्या दप्तरीं देत आहों. तींत एकशें बारा ओव्या आहेत. गेल्या वर्षीं ती पुन्हां काढून, आत्यांनीं मूळ कोणता शब्द म्हटला होता तें जेथें जेथें खात्रीनें आठवलें तेथें तांबड्या शाईनें समासांत लिहिलें. असे शब्द सतरा ओव्यांतच भरले. शेवटच्या पानावर आत्यांचें नांव, गांव व वर्ष लिहिलें आहे. उरलेल्या पंचाण्णव ओव्यांविषयीं वाचणारानें असें समजावें कीं, त्या आत्यांच्या ओव्यांवरून आम्हीं केलेल्या आहेत.